गाडगेबाबांचे ऋण

आज एका अशा पुरुषाचे चरित्र सांगावयास बसलो आहे, की ज्याने कोणत्याही फडाचे नाव लावले नाही, कोणास गुरुमंत्र दिला नाही, कोणास शिष्य म्हटले नाही. तरीसुद्धा गेल्या शंभर वर्षांत वारकऱ्यांच्या पाठीमागे झाडू घेऊन जर कोणी चालले असेल, तर ते हेच. श्रीसंत गाडगेबाबा. २० डिसेंबरला त्यांची पुण्यतिथी येते. आमच्या मूर्तिजापूर तालुक्याच्या मातीत त्यांचे लहानपण आणि तारुण्य गेले, म्हणून आमच्याकडे त्यांना संत म्हणण्याच्या आधी घरचा माणूस म्हणतात. जुनी माणसे तर गाडगेबावा असेच म्हणत.

माझा जन्म बाबा गेल्यानंतर चार-पाच वर्षांनी झाला. मी त्यांना पाहिले नाही. परंतु ज्यांनी पाहिले, ज्यांच्या अंगणात बाबांनी भाकर मागितली, ज्यांच्या गल्लीत बाबांनी खराटा फिरवला, अशा म्हाताऱ्या माणसांच्या मांडीशी बसून मी लहानाचा मोठा झालो. चरित्रग्रंथही पुष्कळ आहेत. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहिले, गो. नी. दांडेकर यांनीही लिहिले. ग्रंथात वाचलेले आणि ओट्यावर ऐकलेले असे दोन्ही जोडून हा चरित्रप्रसाद वाटतो आहे. गोड मानून घ्यावा.

ऋण हा शब्द ध्यानात धरून हे चरित्र ऐकावे, अशी विनंती आहे. शास्त्राने मनुष्याच्या माथ्यावर तीन ऋणे सांगितली आहेत : देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. बाबांच्या चरित्रात चौथे ऋण आहे, ते सावकाराचे. त्या चौथ्या ऋणाने बाबांचे घर जाळले, आणि त्या जाळातून हा पुरुष तावून-सुलाखून बाहेर निघाला.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात झिंगराजी जानोरकर यांच्या घरी सखूबाईंच्या पोटी बाबांचा जन्म झाला. जात परीट. नाव ठेवले डेबू. तो काळ वऱ्हाडात कापसाचा. वऱ्हाड निजामाचे, परंतु कारभार इंग्रजाचा. शेतसारा रोकड पैशांत भरावा लागे. पैसा कोठून यावा? सावकाराकडून. कापसाला भाव आला की सण-लग्न थाटात, आणि भाव पडला की वावर गहाण. दारूचे गुत्ते सरकार लिलावाने देई आणि त्या उत्पन्नावर तिजोरी भरी. मजूर दिवसभर राबून संध्याकाळी गुत्त्यावर जाई, आणि देवाच्या नावाने बकरे कापून त्याच्यासोबत पुन्हा पिई. झिंगराजींचेही असेच झाले. दारूने शरीर पोखरले, हाती होते-नव्हते ते गेले, आणि १८८४ साली डेबू आठ वर्षांचा असताना त्यांनी देह ठेवला.

सखूबाई लेकराला घेऊन माहेरी आल्या. ते माहेर म्हणजे आमच्या तालुक्यातले दापुरा. आजोबा हंबीरराव, मामा चंद्रभानजी. खाऊन-पिऊन बरे घर. डेबूच्या वाट्याला शाळा आली नाही, ढोरं आली. सकाळी गुरे सोडायची, रानात भाकर खायची, पूर्णेच्या पाण्यात पोहायचे. पुढे अंगात बळ आले तसे वखर-तिफण हाती आली. कामाला असा वाघ, की दुसऱ्याची पाथ संपायच्या आत याची संपलेली. रात्री मात्र भजनात. अक्षरओळख नाही, पण कान असे तिखट की ऐकलेला अभंग पुन्हा विसरायचा नाही. नामस्मरणाला लिपी लागत नाही, हे आपल्या संप्रदायाला सांगावयास नको.

१८९२ साली कुंताबाईंशी लग्न झाले. संसार सुरू झाला. आणि तेवढ्यात मामांच्या वावरावर सावकाराची छाया पडली. मामांना लिहिता-वाचता येत नव्हते. घेतलेले फेडत गेले, तरी कागदावरचे देणे संपेना. अंगठा उमटवला तो कागद काय बोलतो हे अंगठेबहाद्दराला कसे कळावे? शेवटी वावर गेले, आणि त्या धक्क्याने मामाही गेले. सावकाराची माणसे वावराचा ताबा घ्यायला आली, तेव्हा तरुण डेबूजी औताला आडवे झाले. सावकाराला आडवे होणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. गावाने ती पुष्कळ दिवस सांगितली.

मंडळी, येथे थोडे थांबू या. बापाला दारूने नेले, मामाला कर्जाने नेले. दोघांच्याही मागे एकच गोष्ट उभी होती, ती म्हणजे अज्ञान. पुढे बाबा आयुष्यभर कीर्तनातून जे बोलले ते सगळे या दोन मरणांतून शिकलेले होते. पोथीतून घेतलेला वैराग्याचा पाठ कधी कधी उतरतो. जळालेल्या घराचा पाठ उतरत नाही.

त्यांनी पहिला घाव आपल्याच घरी घातला. मुलीचे बारसे होते. भाऊबंदांच्या चालीप्रमाणे बकरे आणि दारू पाहिजे. पंगत जमली, आणि पानावर आले गोडधोड. भाऊबंद रुसले, चार शब्द बोलले. डेबूजींनी हात जोडले, पण चाल मोडली. देवीला कोंबडे-बकरे देण्याचे त्यांनी असेच आपल्या घरापुरते बंद केले. जगाला सांगण्याच्या आधी घरात करायचे हा त्यांचा नेम तेव्हापासूनचा.

१८९६-९७ चा आणि त्यामागून १८९९-१९०० चा, असे दोन दुष्काळ वऱ्हाडाने पाहिले. दुसरा अधिक भयंकर. माणसे आणि जनावरे वाटेवर पडली. वयाची विशी नुकतीच ओलांडलेल्या डेबूजींच्या भोवताली हे सगळे होते. १ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री त्यांनी घर सोडले. वय एकोणतिसाव्या वर्षात. आई, पत्नी, लेकरे मागे. अंगावर फाटके वस्त्र, हातात काठी आणि मातीचे गाडगे.

त्यानंतर बारा वर्षे, १९१७ पर्यंत, ते फिरत होते. त्या बारा वर्षांचा रोजचा हिशेब कोणापाशी नाही, असूही नये. तपाचा हिशेब तपस्व्यापाशीच शोभतो. परंतु तपाची रीत मात्र सगळ्या जुन्या माणसांनी सांगितली आहे, आणि ती एकसारखी आहे. गावात आले की प्रथम काम. कोणाचे लाकूड फोडून दे, कोणाचा गोठा झाड, कोणाची गाडी चिखलात रुतली तर खांदा लाव. मग शिळी भाकर आणि चटणी मागून घ्यायची. गाडगे हेच ताट, गाडगे हेच पाण्याचे भांडे, आणि उन्हात तेच डोक्यावर. लोक हसत, वेडा म्हणत, कोणी मारतही. चिंध्यांची गोधडी अंगावर असे म्हणून चिंधेबुवा म्हणत, गाडगे असे म्हणून गाडगेबुवा. आईने ठेवलेले नाव मागे पडले आणि मातीच्या भांड्याचे नाव चिकटले. वैराग्याची याहून साधी खूण कोणती? गाडगे फुटले तर कोणी रडत नाही आणि चोर ते पळवीत नाही.

आमच्या गावातल्या एका आजीने मला लहानपणी सांगितलेली आठवण आहे. तिच्या सासरच्या अंगणात बाबा आले, तेव्हा ती नवी नवरी होती. त्यांनी आधी अंगणात विखुरलेले सरपण नीट रचले, गोठ्यासमोरची घाण उचलून उकिरड्यावर टाकली, आणि मग भाकर मागितली. सासूने आत येऊन बसा म्हटले, तर बसले नाहीत. पाटावर जेवायला वाढते म्हटले, तर नको म्हणाले. उभ्यानेच अर्धी भाकर गाडग्यात घेतली आणि निघून गेले. ती आजी म्हणे की त्या दिवसापासून उकिरड्याकडे पाहिले की बाबा दिसतात. पुष्कळांना देव मूर्तीत दिसतो. तिला संत उकिरड्यावर दिसला, आणि तिचे अंगण पुढे सारी हयात आरशासारखे राहिले.

पूर्णाकाठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. तेथे मुद्गलेश्वराचे देऊळ आहे आणि पौष महिन्यातल्या रविवारी यात्रा भरते. नदीत स्नान केले की माणूस ऋणातून सुटतो, अशी भाविकांची श्रद्धा. बाबांनी तेथे काय पाहिले? उताराची वाट निसरडी, म्हाताऱ्या-कोताऱ्यांचे हाल, आणि यात्रा उठली की नदीकाठ घाणीने भरलेला. त्यांनी घाटाचे काम हाती घेतले, अंध-पंगूंना तेथे अन्न आणि वस्त्र देण्याची रीत घातली. ज्याच्या घरचे वावर ऋणापायी गेले, त्याने ऋणमोचनाला हे काम आरंभावे, याला मी योगायोग म्हणत नाही. स्नानाने सुटणारे ऋण देवाचे असेल. माणसाचे ऋण माणसाच्या उपयोगी पडूनच फिटते, हे बाबांनी तेथे दगड रचून सांगितले.

आता कीर्तन. मी स्वतः कीर्तनकार आहे, पाठशाळेत संस्कृत शिकलो, म्हणून या भागावर थोडे अधिक बोलण्याची परवानगी असावी. आपल्या वारकरी कीर्तनाची बांधणी ठरलेली : अभंग घ्यावा, चरण सोडवावा, प्रमाण द्यावे, दृष्टांत द्यावा, काला किंवा आरती करून उठावे. बाबांच्या कीर्तनात यातले फार थोडे होते. गोपाळाच्या नामाचा गजर होता, तुकोबा आणि कबीर यांची वचने होती, परंतु सगळे बोलणे वऱ्हाडी, आणि ते सुद्धा प्रश्नांचे. ते लोकांना विचारीत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. कर्ज कोणाकोणाला आहे, किती आहे, कशापायी काढले. लग्नात जेवणावळ किती उठली, जेवून गेलेल्यांपैकी व्याज भरायला कोण आला. नवसाचे बकरे देवाने खाल्ले की आपण खाल्ले. सभा हसत असे, आणि हसता हसता मान खाली जात असे. लेकराला शाळेत घालण्यासाठी ताट विकावे लागले तर विकावे, हातावर भाकर खावी, हे ते असे सांगत की बायका डोळ्यांना पदर लावीत.

आमच्या मूर्तिजापुरातले म्हातारे सांगत, की संध्याकाळी बाबांचे कीर्तन आहे म्हणून गाव गोळा होई. दुपारपासून एक चिंध्या पांघरलेला माणूस मैदान झाडीत असे. बाहेरगावचे लोक त्याला बाजूला हो म्हणत, बाबा केव्हा येणार असे त्यालाच विचारीत. तो काही न बोलता झाडत राही. दिवे लागले की तोच माणूस खराटा ठेवून उभा राही आणि गोपाळाचा गजर करी, आणि दुपारी त्याला हटकणारे लोक शेवटच्या रांगेत तोंड लपवून बसत. अर्धे कीर्तन तर आधी खराट्यानेच झालेले असे.

त्यातल्याच एका म्हाताऱ्याची हकीकत आहे. तो तरुणपणी मजुरी करी आणि मिळेल ते गुत्त्यावर देई. बाबांनी कीर्तनात दारू सोडणाऱ्यांना हात वर करायला सांगितले, तेव्हा शेजाऱ्याने केला म्हणून यानेही केला. घरी गेल्यावर वाटले, हात तर वर केला, आता तो खाली कसा आणावा? पुढची पन्नास वर्षे त्याने दारूला शिवले नाही. मी त्याला म्हातारपणी पाहिला. अक्षरशून्य माणूस, पण दोन्ही नातवांना त्याने शिकवले. कीर्तनाचे फळ याहून वेगळे काय असते?

मूर्तिजापूर हे आगगाडीचे मोठे ठाणे. मुंबई-नागपूर वाटेवरचे, आणि येथूनच यवतमाळ व अचलपूरकडे जाणारी लहान गाडी सुटे. शकुंतला म्हणतात तिला. ती आता थांबली. परंतु त्या काळी कापूस आणि माणूस दोन्ही येथूनच हलत. अशा ठिकाणी वाटसरूंची आणि मुक्या जनावरांची काय दशा होते, ते बाबांनी पाहिले. येथे गोरक्षण उभे राहिले, धर्मशाळा उभी राहिली. म्हातारे झालेले बैल आणि भाकड गाई कसायाकडे जाऊ नयेत, त्यांनी शेतकऱ्याच्या घरी जेवढे दिले त्याची उतराई व्हावी, हा त्यामागचा भाव. ज्याचे लहानपण ढोरांमागे गेले, त्याला ढोरांचे ऋण कळते. आज येथे त्यांच्या नावाने महाविद्यालयही आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या डेबूच्या नावाने त्याच्याच तालुक्यात लेकरे पदवी घेतात.

आता पंढरीकडे वळू या. आषाढी-कार्तिकीला बाबा पंढरपूरला येत. आपण महाद्वाराकडे जात असू तेव्हा ते वाळवंटात असत. दर्शनाच्या बारीत ते कधी उभे राहिले नाहीत असे सांगतात. लाखो माणसे उतरल्यावर चंद्रभागेच्या वाळूचे काय होते, ते आपण सगळे जाणतो आणि कोणी बोलत नाही. बाबा तेथे खराटा घेऊन उतरत. रात्री त्याच झाडलेल्या वाळूवर कीर्तन होई आणि अंध, पंगू, महारोगी यांच्या पंगती बसत.

आणखी एक गोष्ट त्यांनी पाहिली. वारी सगळ्यांची, परंतु निवारा सगळ्यांना नव्हता. चोखोबांच्या जातीचा वारकरी पावसात कोठे पाठ टेकणार? म्हणून १९२० च्या सुमारास पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. पुढे मराठा धर्मशाळा, परीट धर्मशाळा झाल्या. आळंदी, देहू, नाशिक येथेही धर्मशाळा झाल्या. श्रीविठ्ठलमंदिराचे दार हरिजनांना मोकळे झाले ते १९४७ च्या मे महिन्यात, सानेगुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले तेव्हा. चोखोबा महाद्वारासमोर समाधिस्थ होऊन तोवर सहाशे वर्षे लोटली होती. देवळाचे दार उघडण्याच्या पाव शतक आधी बाबांनी चोखोबांच्या लेकरांसाठी छपराचे दार उघडून ठेवले होते. ही तारखांची बेरीज कीर्तनकारांनी मनाशी करून पाहावी. आपण व्यासपीठावरून भेदाभेद अमंगळ आहे असे सांगत होतो, त्याच वेळी या निरक्षर पुरुषाने विटा आणि चुना गोळा केला.

१९४९ साली ती चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बाबासाहेबांना त्यांच्याविषयी फार आदर होता. एक पाश्चात्य विद्येचा महापंडित, दुसरा अंगठाछाप. दोघांचा रोख एकाच गोष्टीवर, की शिक्षणावाचून गरिबाची सुटका नाही. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था वाढवली, त्यांनाही बाबांचा मोठा आधार. १९५४ साली कराडला निघालेल्या रयतच्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले गेले, ते त्या ऋणातूनच.

पैशाविषयी बाबांची रीत आपण कीर्तनकारांनी मुद्दाम ऐकावी. लोक त्यांच्यापुढे पैसा ओतीत. तो धर्मशाळेला, सदावर्ताला, शाळेला जाई. त्यांच्या भाकरीला त्यातली दमडी लागत नसे. कीर्तन झाले की ते गावात भाकर मागत, कीर्तनाच्या यजमानाकडे पंक्तीला बसत नसत. संस्था उभ्या केल्या त्या विश्वस्तांच्या हाती दिल्या. घरच्या माणसांना त्यांच्या मालकीत वाटा ठेवला नाही. १९५२ साली श्रीगाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि सगळ्या कामाला एक घडी बसली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा झाली. परगावच्या गरिबाला आजारपणात दोन दुःखे असतात, एक रोगाचे आणि एक पाठ टेकण्याचे. पहिले वैद्याने पाहावे, दुसरे बाबांनी पाहिले. पुढे दादरला उभ्या राहिलेल्या धर्मशाळेत कर्करोगाचे रोगी आणि त्यांची माणसे उतरतात.

या निर्मोहीपणाची कसोटी १९२३ साली लागली. बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात उभे होते. एकुलता एक मुलगा गोविंद गेल्याची तार आली. सभेला काय वाटले असेल ते सांगता येत नाही. बाबांनी क्षणभर थांबून कीर्तन पुढे चालवले. जगात रोज कित्येकांची लेकरे जातात, त्यांत हे एक, असा त्यांचा भाव होता. हे ऐकून कोणी म्हणेल, मन दगडाचे असेल. परंतु ज्याचे मन दगडाचे तो परक्याच्या आजाऱ्यासाठी छप्पर बांधीत हिंडत नाही. गीतेतला स्थितप्रज्ञ आम्ही पाठशाळेत श्लोकांवर बोट ठेवून शिकलो. तो तार हाती घेऊन उभा असलेला कसा दिसतो, हे खारेपाटणच्या लोकांनी पाहिले.

शेवटची काही वर्षे शरीर थकले, तरी फिरणे थांबले नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईला वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण आहे, ते आजही ऐकता येते. आवाज म्हातारा, श्वास तुटणारा, पण प्रश्न तेच आणि तसेच. ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी गाडीतच बाबांनी देह ठेवला. ना घर, ना मठ, ना गादी. जन्मभर वाटेवर असलेला माणूस वाटेवरच विठ्ठलरूप झाला. अमरावतीला जेथे समाधी आहे त्या वस्तीला आज गाडगेनगर म्हणतात. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, आणि २००० साली महाराष्ट्र शासनाने सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानालाही त्यांचेच नाव दिले.

आता काही भाविक मला विचारतात, की बाबा तर मूर्तिपूजेवर टीका करीत, यात्रेवर टीका करीत, मग ते आपल्या संप्रदायाचे कसे? प्रश्न रास्त आहे, तो टाळू नये. बाबांना ओढून-ताणून देवळात उभे करण्याची गरज नाही. ते बाहेर होते, आणि बाहेर राहूनच त्यांनी आपली सेवा केली. त्यांनी आपल्याला रागावून सांगितले, परंतु तुकोबारायांनी काय गोंजारून सांगितले आहे? खोटा वारकरी, भोंदू साधू, पोटासाठी कथा विकणारा, यांच्यावर आपल्या संतांइतके कठोर कोण बोलले? घरचा वडीलधारा रागावतो तसे ते रागावणे आहे. परका कशाला रागावेल?

मला त्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. पायाला हात लावू पाहणाऱ्याच्या अंगावर जो काठी घेऊन धावे, त्याच्या मूर्ती आता चौकाचौकांत बसल्या. हार पडतात, आरत्या होतात, आणि मूर्तीच्या पायथ्याशी हाराची पुडकी, नारळाच्या शेंड्या आणि पत्रावळी चार दिवस पडून असतात. पूजा करू नये असे मी म्हणत नाही. मी म्हणतो, ज्याची पूजा करायची त्याला आवडेल अशी करावी. शिवाला बेल, विष्णूला तुळस, तसा बाबांना खराटा.

शौच हा शब्द पतंजलींनी पाच नियमांत पहिला ठेवला आहे. गीतेने तो ज्ञानाच्या लक्षणांत घेतला, दैवी संपत्तीतही घेतला. आम्ही शास्त्री मंडळी त्याचा अर्थ स्नान, सोवळे, अंतःकरणाची शुद्धी असा करतो, आणि तो बरोबरच आहे. परंतु या सगळ्या अर्थांत मी शुद्ध आहे एवढेच येते. बाबांनी त्यात भर घातली, की माझ्यामुळे झालेली आणि दुसऱ्याने केलेली, अशी दोन्ही घाण मी उचलली म्हणजे शौच पुरे झाले. याला भाष्य म्हणावयाचे तर हे खराट्याने लिहिलेले भाष्य आहे.

म्हणून वारकरी मंडळी, हे ऋण कसे फिटेल त्याचा विचार करू या. आषाढीला दिंडी एखाद्या गावच्या माळावर उतरते. सकाळी आपण काकडा करून पुढे निघतो, आणि मागे त्या गावच्या लोकांना काय उरते? गेल्या काही वर्षांत वाटेवर शौचालयांची सोय होऊ लागली, २०१६ साली शासनाने चंद्रभागेसाठी योजना आखली, ठीक आहे. परंतु शासनाच्या योजनेने वारकऱ्याचे ऋण फिटत नाही. प्रत्येक दिंडीने आपल्या सामानाच्या गाडीत टाळ-पखवाजाबरोबर दहा-वीस खराटे ठेवावे. तळ सोडण्याआधी तो झाडून सोडावा, आणि पहिला खराटा विणेकऱ्याने किंवा कीर्तनकाराने हाती घ्यावा. वीणा धरलेल्या हाताला खराट्याने विटाळ होत नाही.

दुसरे, सप्ताहाची पंगत कर्ज काढून घालू नये. ज्या गावात सप्ताहासाठी लाखांची वर्गणी जमते, त्या गावात फीवाचून शाळा सुटलेले एकही लेकरू असता कामा नये. आणि तिसरे आम्हा कीर्तनकारांसाठी. बिदागी ठरवून मग अभंग ठरवण्याची रीत काही ठिकाणी बोकाळली आहे. प्रपंच सर्वांना आहे, प्रवासखर्च घ्यावा, पोटापुरते घ्यावे. परंतु कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी एकदा त्या गाडग्यातली अर्धी भाकर डोळ्यांपुढे आणावी.

पौषाच्या रविवारी जमल्यास ऋणमोचनला या. पूर्णेत स्नान करा, मुद्गलेश्वराचे दर्शन घ्या, आणि परत निघताना हातभर काठ झाडून मग निघा. तेथे जमले नाही तर आपल्या गावच्या ओढ्याकाठी करा. देवाने आपल्याला हात दिले आहेत, वऱ्हाडात गावोगावी खराटे मिळतात.

रामकृष्णहरी.